बर्फ उतरल्यावर

वनविश्रामगृह, खोली तिसरी
१२ सप्टेंबर

चि. सूनबाईस, आईचे पोटभर आशीर्वाद.

मी सुखरूप पोचले. वाट सगळी वळणावळणाची. खोली छोटी पण स्वच्छ आहे. इथली रखवालदारीण गप्पिष्ट आहे, तिनं मला जाड मोजे दिले, वर म्हणाली, "म्हातारपणी पाय गरम तर माणूस नरम!" खिडकीतून डोंगरांची रांग दिसते. छकुलीनं पाहिली असती तर दिवसभर नाचली असती. तिचा खोकला कसा आहे?

तुला सांगितलं होतं की मैत्रिणींबरोबर सहलीला जातेय. मैत्रिणी नाहीत, पोरी. इथल्या राष्ट्रीय उद्यानाच्या साहेबांचा मला फोन आला होता. तुझ्या भावाला सोबत घेऊन आले. तुला काही बोलायचं नाही, अशी शपथ मीच त्याला घातली, त्याच्यावर रागावू नकोस.

यंदा उन्हाळा कडक पडला. तळ्यावरच्या घळीतला बर्फ कधी नव्हे तो पार उतरला.

वनरक्षक बाई आम्हाला इथल्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेल्या. पोरसवदा आहेत, तुझ्याएवढ्याच. दारात थांबून म्हणाल्या, "आई, तुम्ही पाहायलाच हवं असं नाही."

मी म्हटलं, "पोटात वाढवला त्याला. आता पाहायला कसली भीती?"

भीती वाटली गं. चेहऱ्यावरून मला सांगता आलं नसतं. पण विजारीच्या गुडघ्यावर ठिगळ होतं, निळ्या कापडावर लाल दोऱ्याचं. निळा दोरा संपला म्हणून तू लालच ओवलास आणि तो दिवसभर तुला "शिंपीणबाई" म्हणून चिडवत होता. तुझा एकही टाका उसवला नव्हता.

"बर्फाची दरड एकदम आली असणार. त्यांना कळलंही नसेल," बाई म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. त्यांना बरं वाटावं म्हणून मी मान डोलावली.

तो परतला नाही तेव्हापासून, दोन वर्षं, फोन वाजला की तू हातातलं टाकून धावतेस. लोक म्हणाले, समजूत घाल तिची. मी कुठल्या तोंडानं घालणार? तुझ्यामागे मीही उठून उभी राहायचे.

हे फोनवर सांगायला माझी जीभ उचलेना. म्हणून पत्र तुझ्या भावाकडे दिलंय. आता तो समोर मान खाली घालून बसला असेल. त्याचा हात धर. मोठ्यानं रड, शेजारीपाजारी ऐकतील याची पर्वा करू नकोस. छकुलीला मात्र एवढ्यात काही सांगू नकोस, आपण दोघी मिळून सांगू.

मी इथंच थांबलेय. सरकारी कागद परवापर्यंत होतील म्हणतात. तुझा भाऊ म्हणाला, तुम्ही घरी चला, मी परत येऊन सगळं बघतो. पण दोन हिवाळे माझा लेक इथं एकटा होता. आता त्याला सोडून खाली उतरायला मन घेत नाही.

त्याला घेऊनच येते. तोवर पोटात दोन घास ढकल.

तुम्हा दोघांची,
आई