पंचवीस लाख बावीस हजार सहाशे सत्तावीस

प्रिय तात्सुओ,

ऑपरेशननंतरची डोळ्यांवरची पट्टी निघाल्याचं आपल्या चिगुसाने फोनवर सांगितलं. तेव्हा हे पत्र तू स्वतः वाच, लेकीला वाचायला लावू नकोस. सोयासॉसची पिंपं मी रोज ढवळते आहे, काळजी नसावी. देवळाचं छप्पर गळतंय म्हणून देवाला वाहिलेल्या गणिताच्या सगळ्या लाकडी पाट्या खाली उतरवल्यात. त्यात आपलीही आहे.

आपण अठरा वर्षांचे होतो. क्योतोच्या विद्यापीठात तुला प्रवेश मिळाला होता आणि तुझ्या बाबांना तू सोयासॉसच्या कारखान्यात हवा होतास. तू आपल्या जन्मतारखा जोडल्यास: आपल्या शोवा सनाचं पंचविसावं वर्ष, दुसरा महिना, तुझी सव्वीस तारीख, माझी सत्तावीस. २५२२६२७. म्हणालास, "हा आकडा भागाकाराने फुटला तर मी क्योतोला चाललो. नाही फुटला तर इथेच राहतो, तुझ्याशी लग्न करतो." मी म्हटलं, "अरे, माझं लग्न आकड्यावर ठरवतोस?" तर म्हणे, "मग काय देवळातल्या चिठ्ठीवर ठरवू?"

वर्गमूळ पंधराशे अठ्ठ्याऐंशी, म्हणून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे होतं. त्या अडीचशे भरल्या. लहान सव्वाशे तू घेतल्यास. माझी बोटं सोरोबानच्या मण्यांवर चपळ, म्हणून मोठ्या माझ्याकडे. दीड आठवडा आपण मणी सरकवत होतो. तुझ्या एकाही संख्येने भाग गेला नाही.

माझ्या १३२७ ने गेला. भागाकार १९०१, आणि बाकीच्या जागी एकही मणी वर नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग मी एक मणी बोटाने वर ढकलला आणि कागदावर "बाकी एक" लिहिलं. मला तू हवा होतास, दुसरं काही कारण नाही.

आपल्या शिक्षकांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे तू पाटी रंगवलीस, "हा आकडा कशानेही फुटत नाही", आणि देवळात टांगलीस. क्योतोला नकार कळवलास. तेव्हापासून तू पेपरातलं एखादं गणित सोडवत बसलास की आता तुला कळणार असं मला वाटायचं. म्हणून माशाचा मोठा तुकडा कायम तुझ्या ताटलीत गेला, न्हाणीच्या टबात पहिला मान तुझा, आणि तुझ्या आईचं बोलणं मी मुकाट ऐकून घेतलं.

काल पुजारीबुवा पाटी पुसत होते. म्हणाले, "आजी, मागेही काहीतरी खरडलंय. पुसून टाकू का?" मी पाटी उलटी केली. तुझं अक्षर, पाटी टांगली त्या दिवसाची तारीख, आणि खाली: "१३२७ गुणिले १९०१. फुमिएला सांगू नये."

मी तिथेच पायरीवर बसून रडले. पुजारीबुवा घाबरून पाणी घेऊन आले. मग घरी येताना मला तुझा असा राग आला म्हणून सांगू! माझे भागाकार तपासलेस, सगळं कळलं, तरी राहिलास. आणि पन्नास वर्षं तो मोठा तुकडा गुपचूप खात राहिलास! मागचं काही पुसू दिलेलं नाही मी. रविवारी पाटी पुन्हा टांगणार आहेत, त्याआधी ये. बांगडे आणून ठेवते. मोठा मी खाणार.

तुझीच, सगळं कळूनही तू जिच्यापाशी राहिलास ती,
फुमिए