खिशातली बॅटरी

स्फॅक्स, शुक्रवार

प्रिय झोहरा,

तुला आणि आईला सलाम. मी बरा आहे, हे आधी वाच.

तुझ्या धाकाने सिगारेट सोडून व्हेप घेतला, हे तुला ठाऊकच आहे. सोमवारी त्याची जादा बॅटरी किल्ल्यांसोबत खिशात टाकली होती, तीही वेष्टण फाटलेली. बंदरावर किल्ल्या तिला घासून ती तापली आणि अचानक मांडीला चटका बसला. जाळी विणणारी नझीहाकाकी ओरडली, "अरे, धूर येतोय! विजार काढ आधी, लाज नंतर!"

मी विजार लांब फेकली आणि तिचा भडका उडाला. काकीने मांडीवर कितीतरी वेळ गार पाणी ओतलं, स्वतःची शाल माझ्या कमरेला गुंडाळली. "घरी कोण असतं तुझ्या?" तिने विचारलं. मी तुझं नाव सांगितलं.

छोटासा फोड आहे, डॉक्टरांना दाखवलाय. आता बॅटरी प्लास्टिकच्या डबीत ठेवतो, वेष्टण फाटलेली वापरत नाही आणि चार्जिंगला लावली की समोरून हलत नाही. आईचा खोकला कसा आहे?

काकीचे आभार मानायला गेलो, तर म्हणाली, "मला तुझे आभार नकोत. बायकोला घेऊन ये, तिच्या तोंडून ऐकेन."

कधी येतेस?

तुझाच,
रिधा