मिशीकाकांना दिलेला एक तारा

९ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. माझी तब्येत उत्तम आहे, खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. एवढं आईला वाचून दाखवा म्हणजे तिचा जीव भांड्यात पडेल. बाकीचं पत्र तुमच्यासाठी आहे.

पाकीट बघून दचकला असाल. पण फोनवर मी विमानाचा विषय काढला की तुम्ही "बरं, आईशी बोल" म्हणता आणि फोन तिच्या हातात जातो. पत्राला तसं करता येत नाही.

इथे वारा फार आहे. सकाळी आम्ही सगळे हँगरच्या दाराशी उभे राहून वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या त्या कापडी मोज्याकडे बघत बसतो. तो आडवा झाला की तास रद्द. मग कॅन्टीनमध्ये चहा आणि उखाळ्यापाखाळ्या. एक नवा मुलगा आलाय, आम्ही त्याला चष्मिस म्हणतो. चाकं जमीन सोडतात तेव्हा तो डोळे मिटतो, आणि वर "मी मिटत नाही, चष्म्यामुळे तसं दिसतं" म्हणून वाद घालतो. पोरगा गोड आहे.

मिशीकाका तुमची आठवण काढतात. माझे सगळे तास त्यांच्याकडेच आहेत. नशीबच म्हणायचं, कारण इथे प्रत्येकाला तेच हवे असतात. इंटरनेटवर विद्यार्थी शिकवणाऱ्यांना तारे देतात त्या शाळेच्या पानावर त्यांच्या नावापुढे पाचाच्या पाच तारे आहेत. पानाचं नाव काढलं म्हणून पत्र बाजूला ठेवू नका, बाबा. मला सहज विचारायचं होतं. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याबद्दल असं जाहीर लिहूच नये, असं तुम्हाला अजूनही वाटतं का? काहीही झालं तरी?

आणि हो, परवा मी विमान एकटीने उतरवलं. म्हणजे काका शेजारी होते, पण त्यांनी हात लावला नाही. आडवा वारा होता तरी चाकं बरी टेकली. आईला सांगा, पण जास्त रंगवून नको.

काका अलीकडे जरा दमलेले वाटतात. तुम्ही दोघं बरोबर काम करायचात तेव्हा ते कधी बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे का? हेही सहजच विचारते.

धाकटीला म्हणावं, माझं कपाट उचकू नकोस.

तुमची,
मोठी


२३ फेब्रुवारी

बाबा,

तुमचं उत्तर आईने फोनवर पोचवलं. "बाबा म्हणाले, काय सांगायचं ते माणसाच्या तोंडावर सांगावं. एवढंच म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले." मी ते केलं होतं, बाबा. तुम्ही सांगायच्या आधीच केलं होतं. आता सगळं लिहिते. गेल्या पत्रात 'सहज' हा शब्द मी दोनदा लिहिला, त्यातलं काहीच सहज नव्हतं.

त्या दिवशी आम्ही धावपट्टीला समांतर चाललो होतो. काका एक किस्सा सांगत होते, तुमचाच. तुम्ही एका पोराला "हे स्टिअरिंग नाही, म्हशीचं शिंग धरल्यासारखं धरू नकोस" म्हणाला होतात, तो. "आणि तुझा बाप त्याला म्हणतो" इथपर्यंत आले आणि थांबले. मला वाटलं, हसू दाबतायत. मग विमानाचं नाक उजवीकडे वळायला लागलं. मी बघितलं तर त्यांचा उजवा पाय पॅडलवर ताठ झाला होता, एखादी लाकडी फळी रोवावी तसा. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं.

मी ओरडले. "काका, पाय! पाय काढा!" खांद्यावर बुक्की मारली. डावं पॅडल दोन्ही पायांनी दाबून धरलं, तरी पंख कलतच होता. खाली शेतं तिरकी दिसत होती. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग त्यांचा पाय एकदम सैल पडला आणि मान छातीवर आली. मी विमान सरळ केलं, वळले, उतरवलं. परवा एकटीने उतरवलं असं मी तुम्हाला लिहिलं, ते हे.

टॉवरला मी काही कळवलं नाही. रोजच्याच आवाजात उतरायची परवानगी मागितली. तेव्हाच सांगायला हवं होतं, हे मला कळतं. पण तोंडाशी आलेलं मी गिळलं. वाटलं, एकदा हे रेडिओवर बोललं की काका संपले.

चाकं टेकली तेव्हा ते जागे झाले. "शाबास," म्हणाले. "बघ, हात न लावता जमलं की नाही?" त्यांची कॉलर घामाने भिजली होती. हँगरकडे चालताना त्यांनी मला विचारलं, "आज वारा कुठून होता गं?" बाबा, ज्या माणसाला नाकाने वारा कळतो, त्याने हे विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कॅन्टीनमध्ये गाठलं. तोंडावर सांगितलं. "काका, काल तुम्ही शुद्धीवर नव्हता."

ते चहा ढवळत राहिले. "परीक्षा घेत होतो तुझी."

"मग पॅडल का दाबलंत?"

"तोही परीक्षेचाच भाग." मग चमचा बशीत ठेवला आणि हळूच म्हणाले, "हे बाबाला लिहू नकोस हं. उगाच काळजी करेल." म्हणून तुम्हाला ते अर्धवट पत्र आलं.

मग मी शाळेच्या मुख्य बाईंकडे गेले. त्यांनी दार लावून घेतलं, शांतपणे ऐकलं, मला पाणीही दिलं. आणि म्हणाल्या, "नवशिक्यांना वरती बरंच काही वाटतं. शिवाय तुझ्या वडिलांबाबत जे झालं, त्यामुळे तुझ्या मनात या शाळेबद्दल अढी असणार. मी समजू शकते." "मी त्यांच्याशी बोलते," असं म्हणून त्यांनी मला वाटेला लावलं. दोन दिवसांनी फळ्यावर नवं वेळापत्रक लागलं. काकांच्या तासांतून माझं नाव काढलं होतं आणि तिथे चष्मिसचं लिहिलं होतं. चष्मिसला अजून उतरवता येत नाही, बाबा. त्याला सरळही नीट ठेवता येत नाही.

त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, "तू घाबरलीस म्हणून मी माझा तास सोडू? त्यांचे तारे बघ की."

तेव्हा मी ते पान उघडलं.

मी काही विसरलेली नाही. तुमच्याबद्दल तिथे लोकांनी काय काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे. 'ओरडतात.' 'आत्मविश्वास मारून टाकतात.' 'मुद्दाम एकट्याने उडू देत नाहीत.' एकाचंही नाव नव्हतं. शाळेने तुमचे तास कमी करत करत शून्यावर आणले आणि तुम्ही गाड्या शिकवायला लागलात. तुम्ही त्या वेळी म्हणाला होतात, ज्याला विमान सरळ ठेवता येत नाही त्याने माझी पारख करायची? मला ते तेव्हाही पटलं होतं, आताही पटतं. आणि तेव्हा आपल्या घरी येऊन बसणारे एकटे मिशीकाकाच होते. रोज यायचे, तुम्ही एक शब्द बोलत नव्हता तरी यायचे.

पण बाबा, त्या छोट्या विमानात दोनच सीटा असतात. त्यांचं काय होतंय ते दिसण्यासारखी जागा फक्त माझी होती. मी पारख केली नाही. मी बघितलं.

नावाची जागा रिकामी सोडायची सोय तिथे आहे. मी माझं पूर्ण नाव घातलं. लिहिलं ते असं: 'यांच्यासारखं शिकवणारं मला कोणी भेटलेलं नाही. पण माझ्याबरोबर उडताना हवेत यांची शुद्ध हरपली. मी त्यांना आणि शाळेला सांगितलं आहे. डॉक्टरी तपासणी होईपर्यंत कृपया यांच्यासोबत उडू नका.' एवढंच.

तर ते पान म्हणतं, तारे दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी पाच दिले. मनापासून दिले. आणि माझं लिहिणं इतर पाच ताऱ्यांच्या ढिगात जाऊन पडलं. संध्याकाळपर्यंत कोणी बघितलं नाही. चष्मिसचा तास उद्या सकाळी आहे. म्हणून मी पाचाचा एक केला. एक तारा असला की ते सगळ्यांत वर दिसतं, लोक आधी तेच वाचतात. तुमचेही तसेच वाचले होते.

हे तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, म्हणून घाईने पाठवते. रागावलात तरी पत्र फाडू नका.

मोठी


११ मार्च

बाबा,

तुमच्याकडून काहीच आलं नाही. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा आईच बोलली. तरी लिहिते.

चष्मिस त्या सकाळी विमानात चढला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. मग एकेक करून सगळ्यांचीच पोटं बिघडली. शाळेने माझं लिहिणं दुपारीच काढून टाकलं, पण तोवर त्याचे फोटो सगळ्यांच्या फोनवर गेले होते. कॅन्टीनमध्ये मी बसले की टेबल रिकामं होतं. एकाने मला ऐकू जाईल असं म्हटलं, "बापाला इथे टिकता आलं नाही, म्हणून आता हिने दुसऱ्याचा घास घेतला." मी चहा तसाच टाकून उठले.

शेवटी बाईंना काकांना तपासणीला पाठवावंच लागलं. डॉक्टरांनी काय सांगितलं ते काकूंनीच मला सांगितलं. झटके आहेत, छोटे, बरेच दिवसांचे. काकांना स्वतःला त्यातले निम्मे ठाऊकच नव्हते. निम्मे ठाऊक होते. त्यांचं उडणं बंद झालं, कायमचं.

मी त्यांच्या घरी गेले होते. काकू दारातून बाजूला झाल्या, पण या म्हणाल्या नाहीत. काका खिडकीपाशी बसले होते. मिशी काढून टाकली आहे, त्यामुळे आधी ओळखू आले नाहीत. मी चप्पल घालूनच उभी राहिले. म्हटलं, "काका, मी तुमच्याकडे आधी आले होते."

"आली होतीस," ते म्हणाले. "मी थाप मारली तुला." मग म्हणाले, "लिहिलंस ते खरं आहे. त्याचं काही नाही. पण एक तारा? मी वाईट शिकवलं का तुला?"

मी त्यांना सांगायला लागले, की आधी पाच दिले होते, ते ढिगात गेले, म्हणून. सांगता सांगता माझं मलाच ते फालतू वाटायला लागलं. त्यांनी मान हलवली, कळलं म्हणून, आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. मी थोडा वेळ उभी राहिले आणि निघाले.

बाबा, चष्मिस जिवंत आहे आणि काकाही आहेत. हे मी दिवसातून कितीदा तरी स्वतःला सांगते. तरी काकांचा तो ताऱ्याचा प्रश्न जात नाही. शाळेने विचारलंय की 'गैरसमजातून लिहिलं' असं मी कळवते का, म्हणजे वातावरण निवळेल. मी नाही म्हणाले. तारा मागे घेता आला असता तर घेतला असता. शब्द घेणार नाही. मला अजून दुसरा शिकवणारा मिळालेला नाही. कोणी घ्यायला तयार नाही, आपल्याबद्दल उद्या ही काय लिहील म्हणून. त्यांचंही काही चूक नाही.

आज सकाळी काकू मला गेटपाशी शोधत आल्या. तुम्ही काल येऊन गेलात म्हणे. बसने आलात, दुपारभर काकांजवळ बसलात आणि संध्याकाळच्या बसने परत गेलात. माझं वसतिगृह त्यांच्या गल्लीच्या टोकाला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आला नाहीत. मला लागलं. पण तुम्ही त्यांच्याकडे गेलात, हे बरं केलंत.

काकू सांगत होत्या, तुम्ही दोघं फारसं बोललाच नाहीत. फक्त मध्येच तुम्ही काकांना विचारलंत, "पोरीने सीट पुढे घेतली होती का? तिचे पाय पुरत नाहीत." काकांना आठवेना. ते म्हणाले, "तिलाच विचार." तुम्ही म्हणालात, "विचारीन." काकू एवढं सांगायला मुद्दाम चालत आल्या होत्या. इतक्या वर्षांत तुमच्या तोंडून विमानातलं काही निघालं, याचंच त्यांना नवल वाटत होतं. सांगून झाल्यावर मात्र लगेच वळल्या, माझ्याकडे नीट बघितलंही नाही.

तर बाबा, उत्तर असं. नाही घेतली होती. माझ्या आधी एक उंच मुलगा उडून गेला होता, त्याची सीट तशीच मागे राहिली होती. घाईत मी तपासली नाही. पॅडल दाबायला मला कमरेतून खाली घसरावं लागलं, आणि तसं घसरल्यावर समोरची काच दिसेना. थोडा वेळ मला बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बसल्या बसल्या पहिलं काम सीटचं, हे मला माहीत होतं. चूक माझी.

अजून काय विचारायचं असेल ते विचारा. ओरडलात तरी चालेल.

तुमची विद्यार्थिनी,
मोठी