ताटाचं पाणी

४ मे, लातूर
आप्पांना ताट मारलं. लिहून ठेवते, नाहीतर उद्या मन म्हणेल, हातातून निसटलं. निसटलं नाही. फेकलं.
जेवण झाल्यावर त्यांनी रोजच्यासारखं ताटात पाणी ओतलं, बोटानं फिरवलं, ओठाला लावलं. सुर्र. त्यांचं नरडं दाबावंसं वाटलं. खरंच. मग माझं ताट. भुवई फाटली.
आई किंचाळली, "बापावर हात उचललीस? काय शिरलंय गं तुझ्यात?"
आप्पांनी उरलेलं पाणी पिऊन टाकलं. रक्तासकट.

५ मे
आप्पांच्या भुवईला टाके. दुकानात गिऱ्हाइकांना म्हणाले, "कपाटाचं दार लागलं." माझ्यापायी खोटं.
शाळेआधी यांनीच मला गोणीवर बसवून अक्षरं शिकवली. आणि हेही, की अन्न शिवाचं, कण टाकायचा नाही, ताट धुऊन प्यायचं. मीही पिते. माझा आवाज मला टोचत नाही. मग त्यांचाच का?

९ मे, नांदेड
कॉलेजची खोली. रूम पार्टनर कुरुमकुरुम चिवडा खात होती. तिला काही करण्याआधी स्वतःच्या दंडाला चावले. दात उमटलेत.

१२ मे
डॉक्टरबाईंना म्हटलं, मी पापी आहे.
"पाप-बिप नाही. ठरावीक आवाज आला की तुमच्या डोक्याला हल्ला झाल्यासारखं वाटतं. जवळच्या माणसाचा असला की जास्तच."
त्यांनी सांगितलं, कुणी जेवताना दुसरा आवाज चालू ठेवायचा, म्हणजे तो दबतो. राग चढायच्या आत उठायचं. सारखे बोळे घालायचे नाहीत, कान आणखी हुळहुळे होतात. घरी सांगायचं.
हे शेवटचं कोणत्या तोंडानं?

१६ मे
फोनवर सांगितलं.
"म्हंजे मी पाणी पिलो की तुला मारावं वाटतंय?"
"हाव, आप्पा."
"कधीपासून?"
"दहावीपासून."
"मंग इतकी वर्षं दात खाऊन बसलीस व्हय, येडे?"
त्यांनी फोन ठेवला. रागानं की कशानं...

२४ मे, लातूर
आप्पा आता अंगणात नळापाशी जेवतात. आई म्हणते, "घरच्या मालकाला कुत्र्यावानी भाईर बसवलंस."
आज मीच हाक मारली. "आत या. मिक्सर लावते."
"रिकामा? जळंल की."
"शेंगदाणे टाकते."
हसले. टाक्यांची रेघ ताणली गेली. आत बसून जेवले. ताटात पाणी ओतून माझ्याकडं बघत थांबले. मी बटण दाबलं.
लाइट गेलेली.
मुठी वळल्या तशी उठले, बाहेर आले. पायरीवर बसून हे लिहितेय. आतून सुर्र अजून आलेला नाही. त्यांनी ताट खाली ठेवल्याचाही आवाज नाही.
कान तिकडंच.