ब्रेकमधली हवा

७ फेब्रु. १९९३, रवि. देवपूर, धुळे
सौ. काल जळगावहून आली नाही. शाळेची तपासणी. मुख्याध्यापिकापदी तेथेच कायम राहणार की धुळ्यास परतणार, हे तिने महिनाअखेर लेखी द्यायचे आहे. मी मत दिलेले नाही. औदार्य.
रिकाम्या रविवारी गाडी घेऊन विमानपट्टीवर गेलो. तेथे मोटारप्रेमी मंडळी पिंपे मांडून शर्यतीचा सराव करतात. वय बावन्न, विषय संस्कृत. तरी नऊ प्रदक्षिणा. दहावीत वळणाआधी करपट दर्प, आणि ब्रेकचे पेडल थेट तळास. बाभळीने अडविले. इजा: केवळ अहंकारास.

१० फेब्रु., बुध.
पुढील दोन्ही कॅलिपर स्वहस्ते उकलले. चाकाची तबकडी चिमटीत धरणारे हे यंत्र. आतल्या पिस्टनभोवतीची रबरी कडी उष्णतेने भस्मप्राय. धुळ्यात दुर्मिळ. शेजारच्या नानांकडून सौ.ला फोन.
"इथे मिळतील. जळाली कशाने?"
"प्रवासाने."
"अहो, कुठल्या प्रवासाने?"
नानांनी रेडिओ बारीक केला. मी फोन ठेवला.

१३ फेब्रु., शनि.
सौ. नाही. कडी आली, एस.टी.च्या कंडक्टरहस्ते. पुडक्याची गाठ तिने मारलेली; सोडविण्यास उगीच वेळ लावला.
मग येथील सनातन रीतीप्रमाणे सर्व भाग धुण्यास घासलेटात बुडविले. नूतन कड्यांसह.

१४ फेब्रु., रवि.
कड्यांस स्थूलत्व प्राप्त. पिस्टन आत जाईना. रामदासभाऊ मेकॅनिकांस पाचारण.
"सर, रबरले घासलेट पाजं का? बठ्ठं फुगी गयं. ब्रेकना तेलमा धवनं पडस."
प्रयोग होता, म्हणालो.
"मंग लिखी ल्या. फसना."
लिहिला: प्रयोग फसला.
पुन्हा फोन. सौ.पुढे सर्व कबूल: विमानपट्टी, बाभूळ, घासलेट. ती हसली, बराच वेळ. हे हसू या घरात वर्षभर...

१८ फेब्रु., गुरु.
दुसरा संच आला, बसला. आता नळ्यांतील हवा काढणे. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने खाली चाकाशी स्क्रू सोडायचा. दोन वर्षांपूर्वी सौ. आसनस्थ होती, मांडीवर उत्तरपत्रिका. मी खालून "दाब", ती वरून "दाबलंय हो".
रामदासभाऊ म्हणाले, "बसू का सर?"
"नको."
"मंग दाबई कोन?"
पाना पेटीत ठेवला.

१९ फेब्रु., शुक्र.
फोन.
"पेडल दाबायला माणूस हवंय."
"रामदासभाऊ आहेत ना?"
"आहेत."
"मग?"
चार समास तयार ठेवले होते. एकही उपयोगी नाही. म्हणालो, "तू ये. राहायलाच ये. मला एकट्याला करमत नाही."
पलीकडे शाळेची घंटा, मुलींचा गलका. मग ती म्हणाली, "हे वर्षभर सांगितलं नाहीत."
"नाही."
"कागद अजून दिला नाही मी. बघते."

२० फेब्रु., शनि.
गाडी जॅकवरच. रामदासभाऊ दोनदा डोकावून गेले. जळगावहून एस.टी. साडेपाचला येते. पांझरेच्या पुलावरून स्थानक पायी अर्धा तास. सदरा बदलला. पाच वाजले. निघतो.