प्रांजलच्या मानेवरचं छिद्र

२२ एप्रिल २०२५, मंगळवार
पुन्हा थेंब! दोन महिन्यांची माझी प्रांजल आणि मानेवर, उजवीकडे, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र. पुसलं की कोरडं, पाजून झालं की परत ओलं. आज सासूबाईंनी पाहिलंच. "पोटुशी असताना कातर धरलीस, त्याचं हाय हे." मेंढ्यांची लोकर कातरायला मला बसवलं कोणी? सासूबाईंनीच. आता मी गुन्हेगार.

२३ एप्रिल
पुण्याहून आलो. डॉक्टर म्हणाले, हे जन्माआधीचंच आहे, वर्षाची झाली की शस्त्रक्रिया करू. तोवर हात लावायचा नाही. पू झाला तर पुढचं सगळं अवघड.

भोरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला शिकलेय की हे! पाचव्या-सहाव्या आठवड्यात गर्भाच्या गळ्याशी घड्या पडतात. पेशी एकमेकींना निरोप धाडतात – तू वाढ, तू थांब, तू खाली सरक – आणि एक घडी वाढून खालच्या खाचा झाकून टाकते. हिची एक खाच उघडी राहिली. परीक्षेत पाच मार्कांना होतं. आकृती सुबक आली म्हणून खूश होते मी.

२४ एप्रिल
गेल्या वर्षीची वही काढली. कातरणी सप्टेंबरच्या शेवटी, तेव्हा मला चौथा संपलेला. गळा कधीच बंद व्हायला हवा होता. म्हणजे कातर नव्हे. सासूबाईंना तारखा वाचून दाखवल्या. "कागदाला काय कळतंय?"
तरी रडू आलं. मग निरोप चुकला कुठं? त्या आठवड्यात मी काय खाल्लं, काय उचललं?

२५ एप्रिल
रविवारी अमावास्येला पोरीच्या छिद्रावर डाग द्यायचा ठरला. मेंढराची गाठ डागतात तसा, तापल्या विळ्याच्या टोकानं. वाडीत डाग मामंजीच देतात. मी म्हणाले, "मामा, डॉक्टर नको म्हणालेत." ते उठून मेंढ्यांकडे निघून गेले.

२६ एप्रिल
नवरा म्हणतो, "आई ऐकायची न्हाई, तू जरा दमानं घे." दमानं! पिशवी भरून ठेवलीय. पहाटे पोरीला घेऊन माहेरी, गुंजवण्याला.

२७ एप्रिल, अमावास्या
दाराशी मामंजी. हातात विळा नव्हता. सदऱ्याचं बटण काढून त्यांनी मान पुढे केली. काळा, सुरकुतलेला डाग, मधोमध थेंब.
"माज्या आईनं डागलं हुतं. साठ वर्सं झाली, अजून गळतंय. तुज्या सासूला मेंढ्याचं शिंग लागलं म्हनून सांगितलंय."
माझी पिशवी उचलून तेच पुढे निघाले. "चल. आदी माजं दाखव डॉक्टरला."