भिंतीतला होल्डर

मंगळवार, लालबाग

आज भिंतीचं जुनं प्लास्टर काढताना छताजवळ विटेएवढं भोक निघालं. आत चिनी मातीचा होल्डर. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "जुना फ्यूज असेल, ताई." मीही मान हलवली. पण वायर आमच्या बाजूला कुठेच येत नव्हती, सरळ शेजारच्या खोलीत जात होती. तेव्हा आठवलं. फ्यूज कसला, तो आमचा दिवा होता. दोन बिऱ्हाडांत मिळून एक बल्ब. मीटर सावंतांचा, म्हणून बटणही त्यांच्याकडेच.

रोज रात्री सावंतकाकी भिंतीपलीकडून विचारायच्या, "दिवो मालवू काय गो?" आई माझ्या पुस्तकाकडे बघायची. अभ्यास राहिला असेल तर म्हणायची, "वायच थांबा, वैनी." काकी थांबायच्या. पुढे बाबांनी स्वतःचा मीटर घेतला आणि ते भोक बुजवलं. काय खूश झाले होते मी.

आता आई-बाबा नाहीत. सावंत गावी गेले, त्यांच्या खोलीला कुलूप. "होल्डर काढून टाकू?" इलेक्ट्रिशियनने विचारलं. राहू दे म्हटलं. का म्हटलं? त्यात आता बल्ब थोडाच लागणार आहे.

समोरच्या भिंतीवर नवी बटणं लागलीत. एक मुद्दाम पलंगाशेजारी दिलंय, उठायलासुद्धा नको. झोपायचं तर आहे. हात बटणावर ठेवून उगाच थांबलेय, कुणीतरी विचारेल म्हणून.